बसचे इंजिन, ट्रकचे इंजिन

(रस्ता सुरक्षा सप्ताहानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पहाटेच्या अंधारात सत्तरी तालुक्यातील एखाद्या गावच्या तिठ्यावर पहिली बस उभी असते. वाळपईच्या शाळेस जाणारी मुले, पणजीस कामाला निघालेली माणसे, बांबोळीच्या इस्पितळात तपासणीसाठी निघालेला एखादा वृद्ध, असे सर्व जण तिच्यात बसून राहतात आणि इंजिन सुरू होण्याची वाट पाहतात. नेमक्या त्याच वेळी बेळगावहून भाजी भरून निघालेला ट्रक चोर्ला घाट उतरत असतो. तो वेळेवर पोहोचला नाही तर गोव्याच्या बाजारात त्या दिवशी भाजीचा भाव चढतो. बस वेळेवर सुटली नाही तर कोणाची परीक्षा बुडते, कोणाचा खाडा होतो, कोणाची तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. ही दोन्ही वाहने ज्या यंत्राच्या बळावर धावतात त्याविषयी मात्र सामान्य माणसास फारच थोडी माहिती असते.

या विषयावर गावोगाव एक मत ऐकावयास मिळते. बसचे इंजिन मऊ, पण नाजूक. ट्रकचे इंजिन खडबडीत, पण दणकट. लग्नाच्या वऱ्हाडासाठी वाहन ठरविताना, जुने वाहन विकत घेताना, किंबहुना चहाच्या टपरीवरील गप्पांतही हेच मत सिद्धान्तासारखे मांडले जाते. त्यात तथ्य किती, हे तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. कारण मऊपणा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

प्रथम मूळ गोष्ट. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यास १८९३ मध्ये आपल्या इंजिनाचे पेटंट मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे पहिले यशस्वी इंजिन चालले. ते आकाराने प्रचंड होते व एका जागी बसवूनच चालवावे लागे. रस्त्यावरील वाहनात मावेल असे डिझेल इंजिन सर्वत्र रूढ होण्यास आणखी तीन दशके लागली. १९२७ मध्ये बॉश कंपनीने डिझेल पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर हा मार्ग मोकळा झाला. भारतात १९५४ मध्ये टेल्को व डायमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. हे सहकार्य १९६९ पर्यंत टिकले. त्यानंतर कारखान्याने त्याच घराण्यातील इंजिने स्वतःच्या बळावर पुढे नेली. गोव्यात कदंब परिवहन महामंडळाची स्थापना १९८० साली झाली, तोवर देशातील बहुतेक रस्त्यांवर अशीच इंजिने धावत होती.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कारखान्यातून बसचे आणि ट्रकचे चॅसिस वेगवेगळे निघे, परंतु त्यावर बसविलेले इंजिन पुष्कळदा एकच असे. १२१० किंवा १६१३ असे आकडे जुन्या गाड्यांवर अनेकांनी पाहिले असतील. त्यातील पहिले दोन आकडे भारासहित एकूण वजनाचे टन दर्शवीत आणि पुढचे दोन आकडे स्थूलमानाने अश्वशक्ती दर्शवीत. १६१३ म्हणजे सुमारे सोळा टन आणि सुमारे १३० अश्वशक्ती. त्या काळी एकाच साच्यातून निघालेल्या दोन इंजिनांपैकी एक प्रवाशांच्या सेवेत जाई व दुसरे मालाच्या. जणू एका घरच्या दोन लेकी दोन भिन्न सासरी जाव्यात! पुढे त्यांच्या स्वभावात जो फरक दिसे, तो जन्माचा नसून संसाराचा असे.

मग मऊपणा कोठून येतो? डिझेल इंजिनात पिस्टन केवळ हवा दाबतो. ती आपल्या मूळ आकाराच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबली गेली की इतकी तापते की, तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो ठिणगीवाचून पेट घेतो. हा पेट अचानक होतो आणि डिझेल इंजिनाचा ओळखीचा खडखडाट त्यातूनच उत्पन्न होतो. पिस्टनला असा तडाखा क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत एकदा मिळतो. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेरीस एक तडाखा, सहा असतील तर दर एक-तृतीयांश फेरीस एक. मिनिटास दीड हजार फेऱ्यांच्या वेगाने चालताना चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदास पन्नास तडाखे होतात, सहा सिलिंडरांच्या इंजिनात पंचाहत्तर. उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घातले तर प्रत्येक घाव वेगळा ऐकू येतो. तिसरी येऊन मिळाली की आवाजाची सलग लय तयार होते. सहा सिलिंडरांचे इंजिन संथ वाटते ते या कारणाने.

दुसरे कारण तोलाचे आहे. चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे तोल साधला गेला असे वाटते. वास्तविक कनेक्टिंग रॉडच्या कलामुळे पिस्टनची गती वरच्या अर्ध्या भागात अधिक व खालच्या अर्ध्या भागात कमी असते. त्यामुळे थोडा धक्का शिल्लक उरतो आणि प्रत्येक फेरीत दोन वेळा जाणवतो. एका रांगेतील सहा सिलिंडरांत हे उरलेले धक्के एकमेकांस काटतात. तात्पर्य, इंजिनाचा मूळ मऊपणा रचनेने ठरतो. त्यात बस आणि ट्रक असा भेद नाही.

असे असूनही बसमध्ये बसलेल्या माणसास प्रवास मऊ वाटतो आणि रिकाम्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्यास हाडे खिळखिळी झाल्यासारखे वाटते, हेही खरेच आहे. त्याचे श्रेय किंवा दोष इंजिनाकडे फार थोडा जातो. ट्रकचे पाटे नऊ-दहा टनांचा माल पेलण्यासाठी बनविलेले असतात. हौदा रिकामा असला की ते लवत नाहीत आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर येतो. तोच ट्रक भरला की शांत चालतो. बसचे पाटे माणसांच्या भाराच्या हिशेबाने मऊ ठेवलेले असतात. शिवाय इंजिन आणि चॅसिस यांमध्ये जे रबरी गट्टू असतात ते झिजले की उत्तम इंजिनही सारी गाडी हलवते, खिडक्यांच्या काचा वाजू लागतात आणि प्रवासी म्हणतात, इंजिन गेले. कित्येकदा गेलेले असते ते थोड्या पैशांचे रबर.

आता भरवशाचा प्रश्न. येथे दोघींच्या सासरचा विचार करावा लागतो. बसमध्ये पन्नास माणसे बसली आणि प्रत्येकाचे वजन सरासरी साठ किलो धरले, तर भार तीन टन होतो. ट्रक त्याच शक्तीवर नऊ-दहा टन वाहतो. बसची बांधणी ट्रकच्या हौद्यापेक्षा जड असते हे जमेस धरले तरी एकूण वजनात पुष्कळ अंतर राहते. भरलेला ट्रक घाट चढताना इंजिन अर्धा-पाऊण तास पूर्ण ताकदीने राबते. पिस्टन, सिलिंडर हेड आणि गॅस्केट तापून निघतात, आणि मालकाने नोंदणी पुस्तकातील मर्यादेपलीकडे माल भरला असेल तर हा जाच अधिकच वाढतो. या दृष्टीने पाहता बसच्या इंजिनाचे आयुष्य सुखाचे वाटते.

परंतु बसचे कष्ट निराळ्या जातीचे आहेत. दर किलोमीटरला थांबा, दर थांब्यावर क्लच, गिअर आणि पुन्हा पहिल्यापासून वेग. बाजारपेठेत इंजिन चालू ठेवून उभे राहणे. तेल नीट गरम होण्यापूर्वीच खेप संपणे. इंजिनाची झीज थंड अवस्थेत सर्वाधिक होते, कारण तेल सर्व बेअरिंगांपर्यंत आणि सिलिंडरच्या भिंतीवर पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून केवळ किलोमीटरांवरून इंजिनाचे वय ठरविणे फसवे ठरते. ताशी वीस किलोमीटरने गावोगाव थांबत जाणाऱ्या बसला शंभर किलोमीटरसाठी पाच तास लागतात. ताशी पन्नासने धावणारा ट्रक तेच अंतर दोन तासांत कापतो. मीटरवर दोघांचे शंभर किलोमीटर सारखेच दिसतात. इंजिन मात्र एकाचे पाच तास राबलेले असते व दुसऱ्याचे दोन. जुने वाहन घेणाऱ्याने मीटर पाहण्याआधी हा हिशेब मनात धरावा.

याखेरीज गोव्याच्या भूमीचे व हवामानाचे स्वतःचे काही दंड आहेत. डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांत खाणींच्या ऐन बहरात खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगा मांडवी आणि जुवारीच्या काठच्या धक्क्यांकडे धावत. त्या लाल धुळीने माणसांच्या फुप्फुसांप्रमाणेच इंजिनांचाही घास घेतला. हवेची गाळणी वेळेवर साफ केली नाही किंवा तिच्या नळीस बारीकशी चीर पडली, तर ती धूळ सिलिंडरात शिरून पॉलिश कागदासारखी लायनर आणि रिंगा घासते. २०१२ साली खाणकाम बंद झाल्यावर यांतील अनेक ट्रक विक्रीस निघाले. बाहेरून रंग लावलेला असला तरी त्यांच्या इंजिनांनी गिळलेली धूळ पुसता येण्याजोगी नव्हती. दुसरा दंड पावसाळ्याचा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून वेगाने गाडी नेताना ते पाणी हवेच्या नळीवाटे आत ओढले गेले, तर पिस्टनपुढे दबणारी हवा नसते, न दबणारे पाणी असते. अशा वेळी क्षणार्धात कनेक्टिंग रॉड वाकतो. दणकट इंजिन आणि नाजूक इंजिन हा भेद तेथे उरत नाही.

मग एका इंजिनावर भरवसा ठेवता येतो आणि त्याच्या जुळ्या भावावर ठेवता येत नाही, हे कशाने घडते? याचे उत्तर बहुतांशी आगाराच्या फाटकाआड आणि गॅरेजच्या ओट्यावर सापडते. ठरलेल्या किलोमीटरांनंतर तेल आणि तेलाची गाळणी बदलणे, टॅपेटची फट मोजणे, नोझल तपासणे, रेडिएटरमधील पाण्याची पातळी व फॅनबेल्टचा ताण रोज पाहणे, डिझेलमध्ये उतरलेले पाणी काढून टाकणे, ही कामे कंटाळवाणी आहेत आणि त्यांचे कौतुक कोणी करीत नाही. आगारातील बसला ती वेळापत्रकाने मिळण्याची व्यवस्था असते. एकट्या मालकाच्या ट्रकला ती मालकाच्या खिशाप्रमाणे मिळतात. हप्ता आधी, तेल नंतर. उलटपक्षी, असेही ट्रकमालक आहेत जे इंजिनाचा आवाज घरातल्या माणसाच्या खोकल्यासारखा ओळखतात, आणि अशीही बस असते जिच्याविषयी चालकाने नोंदवहीत चार वेळा लिहूनही सुटा भाग आलेला नसतो. तेव्हा बस म्हणून भरवशाची आणि ट्रक म्हणून बेभरवशाचा असा निवाडा देता येत नाही. ज्याची निगा, त्याचा भरवसा.

येथे मऊपणा आणि भरवसा यांचा खरा संबंध जुळतो. मुळात खडखडणारे चार सिलिंडरांचे इंजिन वर्षानुवर्षे इमानाने चालू शकते आणि लोण्यासारखे चालणारे सहा सिलिंडरांचे इंजिन आतून पोखरलेले असू शकते. म्हणून इंजिन किती मऊ आहे यापेक्षा कालच्या तुलनेत आज ते कसे चालते, हे पाहावे. काल एका लयीत चालणारे इंजिन आज मध्येच चुकल्यासारखे करीत असेल, तर एखाद्या सिलिंडरात डिझेल नीट जळत नाही असे समजावे. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे अथवा सिलिंडरात पाणी उतरत आहे. भरवसा तुटण्यापूर्वी लय बिघडते. ती बिघडल्याची पहिली खबर चालकास मिळते. त्याचे ऐकून घेणारा कोणी असला म्हणजे झाले.

या खबरीचे महत्त्व घाटात कळते. अनमोड असो, चोर्ला असो वा काणकोणकडील करमल घाट असो, चढावर इंजिन बंद पडले तर खोळंबा होतो. उतारावर ते हाताशी नसेल तर प्राणावर बेतते. अवजड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कंप्रेसर इंजिनच फिरवते. बहुतेक नव्या गाड्यांचे स्टिअरिंगही इंजिनाच्या मदतीने हलके होते. शिवाय गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतःच गाडीस मागे ओढून धरते आणि ब्रेकचा भार हलका करते. असे असता डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतार उतरविण्याची घातक सवय काही चालकांत आढळते. त्यांचा हिशेबही चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंप डिझेल तोडतो आणि चाकेच इंजिन फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे वाचत काहीच नाही. ब्रेकचे ड्रम मात्र तापत जातात आणि तापलेल्या ड्रमवर ब्रेकची पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या इंजिनांत मोठा पालट झाला. डिझेलचा फवारा आता विजेच्या आज्ञेने पडतो. मुख्य फवाऱ्यापूर्वी एक बारीक फवारा सोडला जात असल्याने पेट हळुवार होतो. पूर्वीचा खडखडाट पुष्कळ कमी झाला आहे आणि चार सिलिंडरांची इंजिनेही बरीच शांत झाली आहेत. परंतु मऊपणा वाढला म्हणून निगा कमी झाली असे कोणी समजू नये. धुरातील काजळी अडविणारी गाळणी या गाड्यांत असते. तिच्यात साचलेली काजळी जळून जाण्यास धूर पुरेसा तापावा लागतो. महामार्गावर भार घेऊन तासन् तास धावणाऱ्या ट्रकची ही गाळणी बहुधा वाटेतच साफ होते. थांबत थांबत चालणाऱ्या बसची ती तुंबते, दिवा लागतो, आणि त्या दिव्याकडे दुर्लक्ष झाले तर इंजिन आपली शक्ती आपोआप घटविते. म्हणजे जुन्या इंजिनांत ट्रकचा संसार अधिक कष्टाचा होता, तर नव्या इंजिनांत बसचा संसार काही बाबतींत अधिक नाजूक झाला आहे. टर्बो असलेले इंजिन मोठ्या चढानंतर एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे, हेही चालकांनी विसरू नये.

या सर्व विवेचनाचा बोध प्रत्येकासाठी थोडा निराळा आहे. ग्रामस्थांनी बस निवडताना किंवा वऱ्हाडासाठी गाडी ठरविताना गादी आणि रंगापेक्षा धूर पाहावा, टायर पाहावे, गाडीची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारावे. आणि मालाच्या ट्रकमध्ये माणसे बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण इंजिन कितीही सारखे असले तरी हौद्यात माणसाच्या रक्षणाची सोय नसते. चालकाने गाडी बरी नाही असे सांगून खेप नाकारली, तर त्यास कामचुकार ठरविण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबावे. अधिकाऱ्यांनी चालकाच्या नोंदवहीतील शेरा ही तक्रार न मानता सूचना मानावी. मागितलेला सुटा भाग आणि घाटात थांबलेली बस यांतील अंतर कधी कधी एका सहीचे असते. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला शाळेच्या फाटकाशी उभी राहणारी बस जरूर उपयोगात आणावी. दाबलेली हवा तापते हा नियम सायकलच्या पंपाचे टोक हाताने चाचपून मुलांना कळतो आणि त्याच नियमावर आपल्या गावची बस धावते हे समजले की तो ती मुले विसरत नाहीत.

पहाटेची ती बस सुटते तेव्हा चालक इंजिन सुरू करतो आणि लगेच गिअर न टाकता थोडा वेळ थांबतो. आतील प्रवाशांस हा विनाकारण उशीर वाटतो. वस्तुतः त्या अवधीत तेल बेअरिंगांपर्यंत पोहोचत असते, ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब भरत असतो, आणि चालक कान देऊन रोजची लय रोजच्यासारखी आहे ना, हे ऐकत असतो. ती दोन मिनिटे त्यास मिळू द्यावीत.